पहिल्या पानावरचा आकडा : स्टबहबचा प्रयोग आणि तिकीटशुल्काचा कायदा

ऑगस्ट २०१५. अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम भरात होता. तिकिटांची पुनर्विक्री करणाऱ्या स्टबहब या संकेतस्थळावर त्या दिवसांत लाखो लोक येऊन गेले. आपली दोन गटांत विभागणी झाली आहे, याची त्यांच्यापैकी कुणालाच कल्पना नव्हती. अर्ध्या लोकांना नेहमीप्रमाणे शुल्कासकट एकूण किंमत पहिल्या यादीतच दिसत होती. उरलेल्या अर्ध्यांना फक्त तिकिटाची मूळ किंमत दिसे. पंधरा टक्क्यांच्या आसपासचं शुल्क आणि तिकीट पाठवण्याचा खर्च त्यांना अगदी शेवटी, पैसे भरायच्या पानावर कळे. तिकीट तेच, खुर्ची तीच, खिशातून जाणारी रक्कमही तीच. आकडा कधी सांगायचा, एवढाच काय तो फरक.

जेमतेम दोन आठवडे हा प्रयोग चालला. ज्यांना शुल्क उशिरा कळलं, त्यांनी सुमारे २१ टक्के जास्त पैसे खर्च केले. तिकीट विकत घेऊनच बाहेर पडण्याची त्यांची शक्यता १४.१ टक्क्यांनी जास्त होती.

तिकिटावरच्या शुल्काविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा रकमेवरच अडतो. इतके कशाला घेता, कुणाला विचारून घेता, घरबसल्या तिकीट काढण्यात कसली आली सुविधा? हा राग रास्तच आहे. पण रकमेइतकंच महत्त्व ती सांगण्याच्या वेळेला आहे, हे स्टबहबच्या या प्रकरणातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्याही उदाहरणात मला दिसलेलं नाही. पुरावा कंपनीच्याच आकडेवारीतून आलेला आहे. आणि ही कंपनी त्याआधी दीड वर्षाहून अधिक काळ पहिल्या पानावर खरा आकडा सांगत होती, म्हणून तर हे प्रकरण मला जास्त अस्वस्थ करतं.

आधी खरं सांगून पाहिलं होतं

एरिक बेकर आणि जेफ फ्लूर यांनी २००० साली स्टबहब सुरू केली. ज्याच्याकडे तिकीट आहे पण जायचं नाही, त्याने ते इथे विकायला ठेवावं. ज्याला जायचंय त्याने घ्यावं. मधल्या मध्ये कंपनी दोघांकडूनही शुल्क घेणार. २००७ मध्ये ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या ईबे या कंपनीने ती ३१ कोटी डॉलरला विकत घेतली. पुढे सामन्यांच्या आणि मैफलींच्या पुनर्विक्रीच्या बाजारात तिचं नाव सगळ्यात मोठं झालं.

शेवटच्या पानावर वाढणाऱ्या आकड्याचा ग्राहकांना संताप येतो, हे कंपनीला ठाऊक होतं. म्हणून जानेवारी २०१४ मध्ये तिने पद्धत बदलली आणि पहिल्या यादीतच सर्व शुल्कांसह किंमत दाखवायला सुरुवात केली. ग्राहकाला जे हवं होतं तेच त्याच्या हातात आलं.

आणि ग्राहक दुसरीकडे गेला. कारण समजायला एक हिशेब पुरे. समजा, एका सामन्याचं एकाच रांगेतलं तिकीट दोन संकेतस्थळांवर आहे. एक जण लिहितो १२० डॉलर आणि शेवटी १२०च घेतो. दुसरा लिहितो १०० आणि शेवटी १२५ घेतो. किमतीची तुलना करणारा माणूस शंभराकडे वळतो. तिथे तो सामना निवडतो, मित्रांना विचारतो, खुर्च्यांच्या नकाशावर जागा धरतो, नाव, पत्ता, कार्डाचा नंबर भरतो, आणि मग १२५ बघतो. आता परत फिरून पहिल्या दुकानात जायचं, तर हे सगळं पुन्हा करायचं. एव्हाना मनाने तो स्टेडियममध्ये जाऊन बसलेला असतो. तो चडफडतो आणि पैसे भरतो.

खरा आकडा लिहिणारा या बाजारात महाग दिसतो. स्टबहबची नेमकी हीच अडचण झाली, आणि त्यातून ऑगस्ट २०१५ चा प्रयोग जन्माला आला.

प्रयोगात काय दिसलं

हा प्रयोग पुढे अर्थशास्त्राच्या अभ्यासाचा विषय झाला. टॉम ब्लेक, सारा मोशरी, केन स्वीनी आणि स्टीव्ह टाडेलिस यांनी त्याचं विश्लेषण केलं आणि २०२१ मध्ये ते 'मार्केटिंग सायन्स' या नियतकालिकात छापून आलं. २१ टक्क्यांचा आकडा सगळीकडे गाजला, पण मला त्याच्या आतले बारकावे अधिक बोलके वाटतात.

शुल्क उशिरा कळणाऱ्या गटातले जास्त लोक शेवटच्या पानापर्यंत पोचले. तिथे आकडा बघून त्यातले बरेच मागे फिरले, दुसरी तिकिटं शोधू लागले, काही निघूनही गेले. म्हणजे लोक आंधळे नव्हते. त्यांना धक्का बसत होता आणि ते त्यावर विचारही करत होते. तरीही एकूण गोळाबेरीज केली तर या गटात खरेदी जास्तच झाली. शिवाय या गटाने अधिक चांगल्या, अधिक महागड्या जागा घेतल्या. पहिल्या यादीत सगळंच थोडं स्वस्त दिसत असल्यामुळे माणूस एक पायरी वरचं निवडतो, आणि एकदा पुढच्या रांगेत बसल्याचं चित्र मनात उमटलं की मागची रांग त्याला नको होते.

नेहमीच्या ग्राहकांवरही परिणाम झाला, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 'एकदा फसला की माणूस शिकतो' हा युक्तिवाद अशा प्रत्येक चर्चेत हटकून येतो. शुल्क लागतं हे ज्यांना पूर्वानुभवाने पक्कं माहीत होतं, तेही घसरले. 'शुल्क असतं' हे माहीत असणं वेगळं आणि या तिकिटाचे एकूण किती पडतील हे निवडीच्या क्षणी डोळ्यांसमोर असणं वेगळं. वीस तिकिटांच्या यादीत प्रत्येक आकड्यात मनातल्या मनात पंधरा टक्के मिळवत कुणी बसत नाही.

निकाल हाती आल्यावर कंपनीने सप्टेंबर २०१५ मध्ये सगळ्यांसाठीच शुल्क शेवटच्या पानावर नेऊन ठेवलं.

कंपनीच्या जागी बसून पाहिलं तर या निर्णयामागचा हिशेब कळतो. एकटीने खरं बोलायचं म्हणजे विक्रीचा मोठा हिस्सा सोडायचा, आणि तो हिस्सा ग्राहकाच्या खिशात न राहता खोटा आकडा दाखवणाऱ्या शेजाऱ्याच्या गल्ल्यात जाणार. हिशेब कळतो म्हणून निर्णय योग्य ठरत नाही. आपल्या ग्राहकाला कमी सांगितलं की तो जास्त खर्च करतो, हे स्वतःच्या प्रयोगातून कळल्यानंतर कमीच सांगायचं ठरवणं, ही जाणूनबुजून केलेली निवड आहे. पण त्यातून एवढं कळतं की हा प्रश्न एखाद्या कंपनीच्या चांगुलपणावर सोडून सुटणारा नव्हता. सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच पद्धतीने खरा आकडा लिहायला लावेल असं कुणीतरी बाहेरचं हवं होतं.

ऐंशी डॉलरची तिकिटं, ब्याण्णव डॉलरचं शुल्क

ही रक्कम किती असते, हेही बघायला हवं. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०१८ मध्ये तिकीटविक्रीचा अहवाल दिला. त्यांनी तपासलेल्या कार्यक्रमांत पहिल्या विक्रीच्या तिकिटांवर एकूण शुल्क सरासरी २७ टक्के होतं, पुनर्विक्रीत ३१ टक्के.

मार्च २०२३ मध्ये 'द क्युअर' या इंग्लिश बँडच्या अमेरिका दौऱ्याची तिकिटं विक्रीला आली. बँडचे गायक रॉबर्ट स्मिथ यांनी दर मुद्दाम कमी ठेवायला लावले होते, काही तिकिटं तर फक्त २० डॉलरची. अशा चार तिकिटांचं एक बिल तेव्हा समाजमाध्यमांवर फिरलं. तिकिटांचे ८० डॉलर. दर तिकिटामागे सेवाशुल्क ११.६५ डॉलर. दर तिकिटामागे सभागृहाचं शुल्क १० डॉलर. शिवाय मागणी नोंदवण्याचे ५.५० डॉलर. एकूण १७२.१० डॉलर. तिकिटांपेक्षा शुल्कच जास्त! स्मिथ यांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला, तिकिटं विकणाऱ्या टिकेटमास्टर कंपनीशी बोलणी केली, आणि कंपनीने सर्वांत स्वस्त तिकिटांवर १० डॉलर आणि बाकीच्यांवर ५ डॉलर परत करायचं कबूल केलं.

हे शुल्क एकट्या तिकीट कंपनीच्या घशात जात नाही. सभागृह, आयोजक आणि तिकीट कंपनी यांच्यात त्याची वाटणी ठरलेली असते. कंपनीला त्या सभागृहाची सगळी तिकिटं विकण्याचा हक्क हवा असतो, त्यासाठी ती सभागृहाला वाटा देते आणि तो वाटा शुल्कातून वसूल करते. शिव्या मात्र तिकीट कंपनीला बसतात, आणि कित्येकदा कलाकारालाही, ज्याच्या हातात यातलं फारसं काही नसतं. शुल्क शेवटच्या पानावर लपलं की ते कोण वाढवतंय हेही लपतं, आणि म्हणून ते कमी करण्याची कुणाला घाई राहत नाही.

न्यूयॉर्कच्या कायद्यातला एक शब्दप्रयोग

जून २०२२ अखेर न्यूयॉर्क राज्याच्या गव्हर्नर कॅथी होकल यांनी तिकीटविक्रीच्या कायद्यातल्या दुरुस्तीवर सही केली. राज्याच्या सिनेटमध्ये तिचा पाठपुरावा जेम्स स्कूफिस यांनी केला होता. २९ ऑगस्ट २०२२ पासून ती लागू झाली.

कायद्याची भाषा मी एरवी इतक्या प्रेमाने वाचत नाही, पण या दुरुस्तीतला एक शब्दप्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिकिटाची एकूण किंमत सर्व आवश्यक शुल्कांसह दाखवायची, ही अपेक्षा कुठल्याही कायद्यात असते. न्यूयॉर्कने कधी दाखवायची हेही लिहिलं: ग्राहकाने खरेदीसाठी तिकीट निवडण्याच्या आधी, तिकिटांच्या यादीतच. त्यापुढे आणखी एक वाक्य आहे की खरेदीची प्रक्रिया चालू असताना किंमत वाढता कामा नये. एकूण किमतीतलं शुल्क किती हेही डॉलरमध्ये वेगळं, स्पष्ट लिहायचं. कागदी तिकीट पोस्टाने मागवलं तर त्याचा वाजवी खर्च वेगळा घेता येतो, पण ईमेलने येणाऱ्या किंवा घरी छापायच्या तिकिटासाठी पाठवणीचं शुल्क घ्यायला बंदी.

'पैसे भरण्यापूर्वी' असं मोघम लिहिलं असतं तर स्टबहबची २०१५ ची शेवटच्या पानाची पद्धतही त्यात बसली असती. तिथेही पैसे भरण्यापूर्वी शुल्क दिसतच होतं! 'निवडण्याआधी' हा शब्द घातल्यामुळे माणूस मनाने तिकिटात गुंतण्याआधी खरा आकडा त्याच्यासमोर येतो. त्या दोन आठवड्यांच्या प्रयोगाने जी फट दाखवून दिली होती, ती या शब्दाने बुजवली. शिवाय कायद्याचा भंग झाला तर ग्राहकाला स्वतः कोर्टात जाता येतं, आणि प्रत्यक्ष नुकसान किंवा ५० डॉलर यांपैकी जे जास्त असेल ते मागता येतं.

राज्याचा कायदा राज्याच्या सीमेपर्यंत. मग इतर राज्यं पुढे आली. कॅलिफोर्नियाने सर्वच वस्तू-सेवांना लागू होणारा कायदा १ जुलै २०२४ पासून आणला. मिनेसोटाची गोष्ट लोभस आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात गायिका टेलर स्विफ्टच्या दौऱ्याच्या तिकीटविक्रीत जो गोंधळ झाला, त्यात अडकलेल्या हजारो लोकांत तिथल्या आमदार केली मोलर होत्या. त्यांनी मांडलेल्या विधेयकाला क्रमांक मिळाला १९८९, म्हणजे स्विफ्टचं जन्मवर्ष. गव्हर्नर टिम वॉल्झ यांनी मे २०२४ मध्ये त्यावर सही केली ती मिनियापोलिसच्या फर्स्ट अव्हेन्यू या प्रसिद्ध संगीतगृहात.

देशभराचा नियम

अमेरिकी संघराज्याच्या पातळीवर कायदा अजून रखडलेला असताना नियमाने बाजी मारली. सर्व शुल्कांसह किंमत दाखवायला लावणारं विधेयक प्रतिनिधिगृहाने मे २०२४ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये मोठ्या बहुमताने संमत केलं. दरम्यान फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या केंद्रीय आयोगाने २०२२ पासून चालवलेलं नियम बनवण्याचं काम १७ डिसेंबर २०२४ ला पूर्ण झालं. मसुद्यावर लोकांनी ६०,००० हून अधिक अभिप्राय पाठवले होते. मूळ मसुदा जवळजवळ सगळ्याच धंद्यांना लागू होणार होता. अंतिम नियम प्रत्यक्ष सादर होणाऱ्या कार्यक्रमांची तिकिटं आणि अल्पकाळच्या मुक्कामाच्या जागा, या दोहोंपुरता आखडला. १२ मे २०२५ पासून तो लागू आहे.

नियम सांगतो की किंमत दाखवायचीच तर एकूण किंमत दाखवा, आणि ती बाकीच्या कुठल्याही आकड्यापेक्षा ठळक असू द्या. सरकारी कर, पाठवणीचा खर्च आणि खरोखर ऐच्छिक अशा गोष्टी यातून वगळता येतात, पण ग्राहक पैसे द्यायला होकार देण्याआधी त्याही सांगाव्या लागतात. शुल्क कशासाठी आहे याविषयी खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगायचं नाही. 'सुविधा शुल्क', 'सेवा शुल्क', 'प्रक्रिया शुल्क' असली गुळगुळीत नावं टाळा, असं आयोगाने समजावून सांगितलं आहे. या नियमामुळे खरी किंमत शोधण्यात वाया जाणारे लोकांचे वर्षाला ५ कोटी ३० लाख तास वाचतील, असा आयोगाचा अंदाज आहे.

चित्रपट यात येत नाहीत, कारण ते आधीच चित्रित झालेले असतात. नाटक येतं. म्हणजे न्यू जर्सीत एखाद्या सभागृहात मराठी नाटकाचा प्रयोग लागला आणि त्याची तिकिटं तिथल्या संकेतस्थळावर विकली, तर त्यालाही हा नियम लागू. तिकडच्या महाराष्ट्र मंडळींना आज पहिल्याच पानावर एकूण आकडा मिळण्याचा हक्क आहे.

कर बाहेर ठेवले, हे वाचून मी थबकलो. आपल्याकडे बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावरसुद्धा 'कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित' असं छापलेलं असतं. दुकानदाराने गल्ल्यापाशी वर काही मागितलं तर खेड्यातली म्हातारीही पुडा उलटा करून त्याला आकडा दाखवते. अमेरिकेत ही सवयच नाही. तिथे दुकानातल्या बहुतेक वस्तूंवर कर वेगळाच लागतो आणि लोकांना त्यात वावगं वाटत नाही. सर्व काही धरून एकच आकडा, ही कल्पना आपल्या अंगवळणी पडलेली, आणि तिकिटांच्या बाबतीत तीच कल्पना तिकडे कायद्याच्या रूपाने आधी उभी राहिली.

या नियमाने शुल्क कमी होत नाही, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. कितीही शुल्क लावा, फक्त आधी सांगा, एवढंच तो म्हणतो. एकाच सभागृहाची तिकिटं एकच कंपनी विकत असेल तर आधी कळूनही ग्राहकाला दुसरं दुकान नसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने सात राज्यांसह टिकेटमास्टर आणि तिची मूळ कंपनी लाइव्ह नेशन यांच्यावर जो दावा लावला, त्यात शुल्क तिकिटाच्या ४४ टक्क्यांपर्यंत गेल्याचा आणि सुरुवातीला कमी किंमत दाखवल्याचा आरोप आहे. मक्तेदारीचं दुखणं निराळं आहे आणि त्याला औषधही निराळं लागेल. पण किमतीची तुलना करता येणं ही पहिली पायरी, आणि पुनर्विक्रीच्या बाजारात, जिथे खरोखर चार दुकानं आहेत, तिथे ही पायरी फार मोलाची आहे.

स्टबहबचं काय झालं? ३१ जुलै २०२४ ला वॉशिंग्टन डी. सी.चे अॅटर्नी जनरल ब्रायन श्वाल्ब यांनी तिच्यावर दावा दाखल केला. २०१५ चा तो प्रयोग या दाव्याचा कणाच आहे. राजधानीतल्या ग्राहकांकडून तेव्हापासून लपवलेल्या शुल्कापोटी सुमारे ११ कोटी ८० लाख डॉलर घेतल्याचा आरोप त्यात आहे. तिकीट निवडल्यावर पडद्यावर सुरू होणारं उलटं घड्याळ ग्राहकाला घाई करण्यासाठीच आहे, असंही त्यात म्हटलंय. आम्ही कायदा आणि धंद्यातली रीत पाळतो, असं कंपनीने तेव्हा सांगितलं. सगळ्या संकेतस्थळांना सारखी लागू होणार असेल तर एकूण किमतीच्या सक्तीला आमचा पाठिंबा आहे, असंही म्हणाली. सगळ्यांना सारखी! २०१४ मध्ये एकटीने जे करून पाहिलं आणि पुढच्या वर्षी सोडलं, त्यासाठी दहा वर्षांनी ती स्वतःच कायद्याची वाट बघत होती.

तोच प्रश्न, कॅनडात आणि मुंबईत

सप्टेंबर २०२४ मध्ये कॅनडाच्या स्पर्धा न्यायाधिकरणाने सिनेप्लेक्स या चित्रपटगृहांच्या साखळीला सुमारे ३ कोटी ८९ लाख कॅनेडियन डॉलरचा दंड केला. कंपनी ऑनलाइन तिकिटावर दीड डॉलर आरक्षण शुल्क घेत होती. दीड डॉलर घेणं चूक आहे, असं न्यायाधिकरणाने म्हटलं नाही. ते शुल्क ग्राहकाला पान खाली सरकवल्याशिवाय दिसत नव्हतं, म्हणून सुरुवातीला दाखवलेली किंमत दिशाभूल करणारी ठरली.

महाराष्ट्रात हाच वाद फार आधी उभा राहिला होता. ४ एप्रिल २०१३ आणि १८ मार्च २०१४ च्या आदेशांनी राज्य सरकारने चित्रपटगृहांना ऑनलाइन तिकिटांवर जादा शुल्क घ्यायला मनाई केली. चित्रपटगृहं उच्च न्यायालयात गेली, जुलै २०१४ मध्ये आदेशांना स्थगिती मिळाली, आणि तब्बल अकरा वर्षांनी, १० जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. महेश सोनक आणि न्या. जितेंद्र जैन यांच्या खंडपीठाने ते रद्द केले. करमणूक शुल्काच्या, म्हणजे करमणूक कराच्या, कायद्यात अशी मनाई करण्याचा अधिकार सरकारला दिलेला नाही, आणि धंदा करण्याच्या मूलभूत हक्काला अशा आदेशाने बाधा येते, हा निकालाचा गाभा. ज्याला शुल्क द्यायचं नाही त्याला खिडकीवर जाऊन तिकीट काढता येतं, हेही न्यायालयाने लक्षात घेतलं.

माझं मत असं आहे की सरकारने २०१३ मध्ये चुकीचा प्रश्न हाती घेतला. शुल्क घ्यायचंच नाही, असं म्हटल्यावर ते धंद्याच्या हक्काशी भिडणारच होतं. शुल्क खुशाल घ्या, पण खुर्च्यांच्या नकाशावर जो आकडा लिहाल तोच शेवटपर्यंत ठेवा, असा नीट कायदा केला असता तर त्यात कुणाचा कुठला हक्क बुडाला असता? खिडकी की ऑनलाइन, ही निवड ग्राहकाला आहे, हे खरंच. पण दोहोंतला फरक आधी कळला तरच ती निवड. नाटकाच्या खिडकीबाहेर दरांचा फलक असतो, तो रांगेत उभं राहण्याआधी वाचता येतो. ऑनलाइन तिकिटात तो फलक रांगेच्या शेवटी लावलाय.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला संकेतस्थळांवरच्या फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यातल्या तेरा प्रकारांत 'ड्रिप प्रायसिंग' आहे, म्हणजे आपल्या ठिबक सिंचनासारखी थेंबाथेंबाने सोडलेली किंमत. किमतीचे घटक सुरुवातीलाच न सांगणं, ही तिची पहिली व्याख्या. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-व्यापार करणाऱ्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायलाही सांगितलं. तरतूद आहे, आणि ती चांगली आहे. पण 'सुरुवातीला' म्हणजे नेमकं कधी? पैसे भरायच्या आधी, असा सोयीचा अर्थ काढायला कुणालाही वाव आहे. न्यूयॉर्कने लिहिलेलं 'निवडण्याआधी' एवढंच आपल्याकडे लिहायचं राहिलंय. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही, स्पष्टीकरणाची एक ओळ पुरेल.

परवा पुण्यात एका नाटकाची तिकिटं काढली. खुर्च्यांच्या नकाशावर ४०० रुपये लिहिलेले. दोन खुर्च्या निवडल्या, आईला फोन करून सांगितलं की शनिवारी दुपारी तयार राहा, मग पुढच्या पानावर गेलो. ८०० च्या खाली सुविधा शुल्क ६० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १० रुपये ८० पैसे. या विषयावर इतकं वाचलेला मी, आईचा आनंदलेला आवाज कानात असताना मागे फिरलो नाही. पैसे भरले.

रात्री राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या, म्हणजे १९१५ च्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. दोन चित्रं जोडली. एक खुर्च्यांच्या नकाशाचं, ज्यावर एका तिकिटाचे ४०० आहेत. दुसरं शेवटच्या पानाचं, ज्यावर त्याच तिकिटाचे ४३५ रुपये ४० पैसे होतात. तक्रारीचा मजकूर एका ओळीचा लिहिला: शुल्क परत नको, पुढच्या प्रयोगापासून ४३५.४० हा आकडा नकाशावर लिहा.